रिपोर्टात ठळक छापलेला आकडा: रक्त-लघवीच्या तपासण्या वाचताना

शततारका

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला मावशीचा फोन आला. रडत होती. नेहमीच्या तपासणीसाठी रक्त दिलं होतं, संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट आला आणि त्यात प्लेटलेट ३८,०००. खालची मर्यादा दीड लाख. आकडा ठळक अक्षरांत, शेजारी खाली जाणारा बाण. घरातल्या ग्रुपवर तो फिरला आणि तासाभरात मावशीला रात्रीच अॅडमिट करायचं ठरलं होतं.

मी तिला तीन गोष्टी विचारल्या. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त? अंगावर निळे डाग किंवा बारीक लाल ठिपके? ताप? तिन्ही नाही. मग लॅबला विचारायला सांगितलं, की काचेवर पसरलेलं रक्त कुणी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं का. बघितलं नव्हतं. सकाळी बघितलं तेव्हा प्लेटलेटचे गठ्ठेच्या गठ्ठे दिसले. लगेच सायट्रेट नावाचं वेगळं रसायन असलेल्या नळीत दुसरा नमुना घेतला. संख्या आली २,२४,०००.

झालं असं होतं. सीबीसीसाठी (रक्तातल्या पेशींची मोजणी) रक्त ज्या जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात तिच्यात ईडीटीए असतं, रक्त गोठू नये म्हणून. काही थोड्या लोकांच्या रक्तात याच ईडीटीएमुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. यंत्र पेशी आकारावरून मोजतं, त्यामुळे गठ्ठा त्याला प्लेटलेट वाटत नाही. शरीरात काही बिघडलेलं नसतं, जे घडतं ते नळीत. मावशीला हे आता कागदावर लिहून दिलंय, पुढच्या प्रत्येक तपासणीला दाखवायला.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, वीसेक वर्षं हेच काम करते. ती रात्र डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा. हल्ली रिपोर्ट आधी घरी पोचतो आणि त्याचा अर्थ सांगणारं माणूस दुसऱ्या दिवशी भेटतं. मधल्या त्या तासांत लोक फार हाल काढतात.

सगळ्यात आधी ती 'नॉर्मल रेंज' येते कुठून ते सांगते. निरोगी माणसांचा एक मोठा गट घेतात, त्यांचे आकडे मांडतात आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडून देतात. मधले ९५ टक्के म्हणजे रेंज. म्हणजे व्याख्येनुसारच शंभरातली पाच धडधाकट माणसं रेंजच्या बाहेर पडतात. आता एकमेकांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकदम केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचाही निदान एक आकडा बाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के. मोठं पॅकेज केलं आणि एकही बाण आला नाही, तर ते नवल.

साखर आणि कोलेस्टेरॉल यांना मात्र हे लागू नाही. तिथल्या रेषा 'किती लोकांत किती असतं' यावरून आखलेल्या नाहीत. कुठल्या पातळीपासून डोळ्यांना, हृदयाला धोका वाढतो त्यावरून त्या ठरल्यात. त्यामुळे 'थोडंच वर आहे' या वाक्याचा अर्थ प्रत्येक तपासणीत वेगळा होतो.

दुसरं, नमुना कसा घेतला. दंडाला पट्टा फार वेळ बांधून ठेवला, मूठ पुन्हा पुन्हा उघडझाप केली, किंवा सुई नीट न लागल्याने तांबड्या पेशी फुटल्या, तर पोटॅशियम खोटंच वाढतं, कारण पोटॅशियमचा साठा पेशींच्या आत असतो. साध्या नळीत रक्त तासन्तास पडून राहिलं तर पेशी साखर खात राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के. म्हणून साखरेसाठी फ्लोराईड असलेली करड्या टोपणाची वेगळी नळी असते.

आपापले प्रश्न विचारा. औषध सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम. आकडा काय बोलतोय ते सांगायचा प्रयत्न करीन.

ओंजळ

फार गरजेचा धागा, शततारका. ६४ टक्के वाचून दोनदा गणित करून पाहिलं. बरोबर आहे!

माझा प्रश्न साखरेचा. उपाशीपोटी ९६, जेवणानंतर १२२, पण एचबीए१सी ६.३. डॉक्टर म्हणाले मधुमेहाच्या उंबरठ्यावर. घरी मीटरवर कधीच जास्त दिसत नाही. हिमोग्लोबिन ९.१ आहे, पाळीत रक्तस्राव खूप होतो. कशावर विश्वास ठेवू?

शततारका

ओंजळ, तुमच्या शेवटच्या वाक्यात बहुधा उत्तर आहे.

एचबीए१सी म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचं प्रमाण. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून तो आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. पण हे सगळं पेशी नेहमीइतकीच जगते असं धरून. लोहाची कमतरता असेल तर नव्या पेशी कमी बनतात, रक्तात जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं, त्यांना साखर चिकटायला जास्त दिवस मिळतात आणि साखर न वाढताही आकडा वर सरकतो. उलट पेशी लवकर फुटत असतील किंवा नुकतंच रक्त दिलं-घेतलं असेल, तर तो खोटाच कमी येतो. हा दुसरा प्रकार जास्त घातक, कारण वाढलेली साखर झाकली जाते.

रूढ रेषा अशा आहेत: उपाशीपोटी १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ मधली अवस्था, १२६ किंवा वर मधुमेह. एचबीए१सी ५.७ च्या आत ठीक, ६.५ पासून मधुमेह. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर निदान करत नाहीत, दोन लागतात. तुमचे दोन आकडे एक सांगताहेत आणि तिसरा दुसरं. डॉक्टरांना हिमोग्लोबिनचा रिपोर्ट सोबत दाखवा आणि ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट करायची का ते विचारा. लोह भरून आल्यावर, तीनेक महिन्यांनी, एचबीए१सी पुन्हा. आणि ९.१ हिमोग्लोबिनकडे दुर्लक्ष नको. आज तरी तुमच्या रिपोर्टातली मोठी गोष्ट तीच आहे, साखर नाही.

टिंब

वाचतेय. मीही हिमोग्लोबिनवालीच. शाळेत असल्यापासून ११ च्या आसपास. कितीदा लोहाच्या गोळ्या झाल्या, पोट बिघडतं, आकडा हलत नाही. आत्ताचा रिपोर्ट: हिमोग्लोबिन ११.२, आरबीसी काउंट ५.७, एमसीव्ही ६२, आरडीडब्ल्यू १४, फेरिटिन ६४. मला कायम 'नीट खात नाहीस' असं ऐकावं लागलंय.

शततारका

टिंब, हा रिपोर्ट मी विद्यार्थ्यांना शिकवायला घेईन इतका बोलका आहे.

एमसीव्ही म्हणजे एका तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. साधारण ८० ते १०० असतं. तुमचं ६२, म्हणजे पेशी फार लहान. लहान पेशी म्हटलं की सगळ्यांना लोह आठवतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण लोह कमी पडलं तर कच्चा मालच नाही, मग पेशींची संख्याही घटते. तुमच्याकडे ही संख्या, म्हणजे आरबीसी काउंट, ५.७ दशलक्ष, बाईच्या मानाने जास्तच. पेशी भरपूर बनताहेत, फक्त प्रत्येकीत हिमोग्लोबिन कमी भरलं जातंय. शिवाय फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, ६४. (एक सावधगिरी: अंगात ताप, सूज, संसर्ग असेल तर फेरिटिन वाढून दिसतं. तसं काही नसेल तर ६४ चांगला साठा आहे.)

एक साधा भागाकार आहे, मेंट्झर निर्देशांक म्हणतात. एमसीव्हीला आरबीसी काउंटने भागायचं. १३ पेक्षा जास्त आलं तर लोहाची कमतरता जास्त शक्य, कमी आलं तर थॅलसेमिया मायनर (हिमोग्लोबिन जन्मतःच कमी बनणं). ६२ भागिले ५.७ म्हणजे १०.९. हा इशारा झाला, निदान नाही. निदानासाठी हिमोग्लोबिनचं पृथक्करण करतात आणि त्यात एचबीए२ हा हिमोग्लोबिनचा एक प्रकार बघतात. ते साडेतीन टक्क्यांहून जास्त असलं की बीटा थॅलसेमिया मायनर धरतात.

मायनर हा आजार म्हणून जगावा लागत नाही. जन्मतः मिळालेली ठेवण आहे. महत्त्व वेगळ्याच ठिकाणी आहे: जोडीदारही तसाच असेल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के. मेजर म्हणजे लहानपणापासून वारंवार रक्त चढवणं. म्हणून हा साधा सीबीसी मूल होण्याआधी कुणीतरी असा नीट वाचायला हवा. आणि तुम्ही नीट खात नव्हतात म्हणून हे झालेलं नाही. हे वाक्य घरी वाचून दाखवा.

टिंब

शेवटची ओळ वाचून डोळ्यांत पाणी आलं. पृथक्करण करून घेते. कळवते.

पाणकावळा

मी २९ वर्षांचा, नियमित वजनं उचलतो. कंपनीच्या तपासणीत क्रिएटिनिन १.३५, एसजीओटी ७८, एसजीपीटी ५२. मूत्रपिंड आणि यकृत दोन्ही गेलं की काय! क्रिएटिन पावडर दोन वर्षं घेतोय. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी पायांचा जोरदार व्यायाम झाला होता.

उत्तररात्र

मी फिजिशियन आहे, शततारकांच्या परवानगीने हे उत्तर मी देतो, कारण रोज असा एकतरी तरुण येतो.

क्रिएटिनिन स्नायूंतून बनतं आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. जास्त स्नायू, जास्त क्रिएटिनिन. त्यात क्रिएटिन पावडरची भर. त्यामुळे मूत्रपिंड उत्तम असूनही तुमचा आकडा वर जाऊ शकतो. एसजीओटी हे एन्झाइम यकृतात असतं तसं स्नायूंतही असतं. जोरदार व्यायामानंतर ते वाढतं, आणि त्या वेळी सहसा एसजीपीटीपेक्षा जास्त वाढतं. सीके ही स्नायूंच्या एन्झाइमची तपासणी केली असती तर तीही बरीच वर दिसली असती. आठवडाभर व्यायाम आणि पावडर दोन्ही बंद ठेवून पुन्हा करा. शंका उरली तर सिस्टॅटिन सी ही मूत्रपिंडाची दुसरी तपासणी करतात, ते स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं. सोबत लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर. ते ३० च्या आत असणं आणि सिस्टॅटिन नीट असणं म्हणजे मोठा दिलासा. मधुमेह असलेल्यांनी तर हे गुणोत्तर दरवर्षी बघायलाच हवं. क्रिएटिनिन हलण्याच्या कितीतरी आधी ते सांगतं.

पण पाणकावळा, तुमच्यापेक्षा मला काळजी दुसऱ्याच माणसाची वाटते. समजा ८२ वर्षांची हडकुळी आजी आहे. क्रिएटिनिन १.०, रेंजमध्ये. बाण नाही, ठळक अक्षर नाही. वय आणि लिंग घालून ईजीएफआर (मूत्रपिंड रक्त किती वेगाने गाळतं त्याचा अंदाज) काढला तर सध्याच्या सूत्राने येतो ५६. तुमच्या १.३५ चा येतो ७३. म्हणजे ठळक छापलेला तुमचा आकडा बरा आणि साध्या अक्षरातला आजीचा आकडा काळजीचा. ईजीएफआर ६० च्या खाली तीन महिन्यांहून जास्त राहिला तर त्याला मूत्रपिंडाचा जुनाट विकार म्हणतात. अशा आजीला गुडघेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या महिनोन्महिने चालू असतात आणि कुणी तो आकडा बघितलेला नसतो.

मोरपीस

+१. माझ्या आजीचं तंतोतंत हेच. आता गोळ्या बदलल्या आहेत.

एककांबद्दल कुणी लिहाल का? बाबा परदेशात भावाकडे गेले होते. तिथे साखरेचा रिपोर्ट आला ५.८. साखर एवढी खाली गेली म्हणून बाबांना घाम फुटला.

शततारका

मोरपीस, ते मिलिमोल प्रतिलिटर. साखरेला १८ ने गुणायचं: ५.८ म्हणजे १०४. कोलेस्टेरॉलला ३८.७ ने गुणायचं. क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये असेल तर ८८.४ ने भागायचं. आणि एकाच देशातल्या दोन लॅबमध्येही फसगत होते ती युरियाची. एक जण युरिया देतो, दुसरा बीयूएन, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन. बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया. 'महिन्यात दुप्पट झालं' म्हणून घाबरलेली माणसं मी पाहिली आहेत, झालेलं काहीच नसतं.

धुनी

लघवीबद्दल विचारते. वर्षात तीन वेळा अँटिबायोटिक्स झाली. दर वेळी रिपोर्टात पस सेल्स (पू-पेशी) ८-१०, एपिथेलियल सेल्स 'भरपूर', बॅक्टेरिया 'आहेत'. मला जळजळ नाही, ताप नाही, काही नाही. तपासणी फक्त नेहमीची म्हणून केली होती.

शततारका

धुनी, तुमच्या रिपोर्टातला सगळ्यात उपयोगी शब्द 'भरपूर' हा आहे. चपट्या एपिथेलियल पेशी बाहेरच्या त्वचेच्या. त्या भरपूर दिसल्या की समजायचं, नमुन्यात मूत्राशयातल्या लघवीबरोबर बाहेरचंही बरंच काही उतरलंय. मग पस सेल्स आणि बॅक्टेरियाही तिथलेच असू शकतात.

नमुना देण्याची रीत कुणी नीट सांगत नाही, डबी हातात देतात आणि बोट दाखवतात. आधी स्वच्छ पाण्याने धुवायचं, सुरुवातीची धार सोडून द्यायची, मधली धार डबीत घ्यायची, शेवटची सोडायची. डबीच्या आत बोट लावायचं नाही. पाळीचे दिवस टाळायचे. आणि डबी घरून नेणार असाल तर तास-दोन तासांत पोचवायची. लघवी खोलीत पडून राहिली की जंतू वाढत जातात, पेशी विरघळतात आणि तपासायला उरतं ते काहीतरी भलतंच.

दुसरा मुद्दा मोठा आहे. लघवीत जंतू असणं आणि लघवीचा संसर्ग असणं वेगळं. लक्षणं नसताना जंतू सापडणं बायकांत, विशेषतः वय वाढल्यावर, बऱ्यापैकी आढळतं, आणि त्याला सहसा औषध द्यायचं नसतं. गरोदरपण हा ठळक अपवाद, तिथे शोधून उपचार करतात. मूत्रमार्गाची काही शस्त्रक्रिया व्हायची असेल तेव्हाही. बाकी वेळी जंतूंना उगाच औषधाची सवय लागते आणि खरी गरज पडते तेव्हा ते औषध चालत नाही. पुढच्या वेळी गोळ्यांआधी नीट घेतलेल्या नमुन्याचं कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) व्हावं असं डॉक्टरांशी बोला.

निरभ्र

बाबांच्या लघवीत साखर चार प्लस. रक्तातली साखर १३४. हे कसं शक्य आहे?

उत्तररात्र

औषधांच्या यादीत डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन असं काही आहे का ते बघा. ती औषधं साखर लघवीवाटे बाहेर काढूनच काम करतात, त्यामुळे चार प्लस येणारच. ती नसतील, तर साधारणपणे रक्तातली साखर १८० च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही, मग कारण शोधायला हवं. यातलं कुठलंही औषध चालू असताना उलट्या, धाप आणि लघवीत कीटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) असं दिसलं तर मात्र साखर किती का असेना, थेट रुग्णालय.

निरभ्र

एम्पाग्लिफ्लोझिन आहे! आठवडाभर त्यांचं जेवण तोडलं होतं मी. आत्ता जाऊन माफी मागते.

वाटाड्या

धागा चांगला आहे, पण मला एक वेगळं बोलायचंय. राग मानू नका.

माझ्या थोरल्या भावाला दोन वर्षांपूर्वी लघवी एकदाच लाल झाली. दुखलं नाही. तपासणीत आरबीसी १५-२०. त्याने अशाच चर्चा वाचल्या: व्यायामाने होतं, एखाद्या औषधाने रंग बदलतो, एका रिपोर्टावर घाबरू नये. आठ दिवसांनी रंग साफ झाला. तो विसरला. दहा महिन्यांनी पुन्हा लाल झाली तेव्हा मूत्राशयाचा कर्करोग निघाला, स्नायूपर्यंत गेलेला. आज तो आहे, पण मूत्राशय काढावं लागलं. 'घाबरू नका' हे वाक्य आमच्या घरात मला ऐकवत नाही.

शततारका

वाटाड्या, राग कसला. तुम्ही लिहिलंत म्हणून धागा पुरा झाला. माझी पहिली पोस्ट एका बाजूला झुकलेली होती, हे मान्य करते.

डोळ्यांना दिसणारं, न दुखणारं रक्त लघवीत एकदाही आलं, विशेषतः चाळिशीनंतर किंवा धूम्रपान करणाऱ्याला, तर ते आपोआप थांबलं तरी मूत्ररोगतज्ज्ञांकडे जायचंच. थांबणं हा त्या आजाराचा स्वभाव आहे, बरं झाल्याची खूण नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ३ किंवा जास्त तांबड्या पेशी दिसल्या तरीही कारण शोधायचं असतं. संसर्ग असेल तर उपचारानंतर पुन्हा तपासायचं आणि रक्त गेलं का ते बघायचं. गेलं नाही तर पुढचा शोध.

ज्या आकड्यांना सकाळची वाट बघायची नसते ते इथे लिहून ठेवते. पोटॅशियम ६ च्या वर, नमुन्यातल्या पेशी फुटल्याचा शेरा असला तरी त्याच दिवशी पुन्हा, कारण खरं असेल तर हृदयाचे ठोके बिघडतात. सोडियम १२० च्या खाली. हिमोग्लोबिन ७ च्या खाली. प्लेटलेट २०,००० च्या खाली, किंवा कितीही असोत आणि कुठून रक्त येतंय. साखर ३०० च्या वर आणि सोबत कीटोन, उलट्या, गुंगी. स्लाईडच्या शेऱ्यात 'ब्लास्ट' (अपक्व पेशी, रक्ताच्या कर्करोगाची शंका) हा शब्द. अशा आकड्यांना लॅबच्या भाषेत क्रिटिकल व्हॅल्यू म्हणतात आणि ते डॉक्टरांना फोनवर कळवायचे असतात. नुसता मेसेज पाठवून लॅबचं काम संपत नाही. तुमचा नंबर फॉर्मवर बरोबर लिहा, त्यासाठीच तो असतो.

मावशीला त्या रात्री मी थांब म्हणाले ते तीन प्रश्नांची उत्तरं ऐकल्यावर. एका प्रश्नालाही 'हो' आलं असतं तर मीच गाडी काढली असती.

वाटाड्या

धन्यवाद. हा प्रतिसाद भावाला पाठवला. तो म्हणाला, दोन वर्षांपूर्वी हवा होता.

ओंजळ

वाटाड्या, तुमच्या भावाला शुभेच्छा. मनापासून.

मोरपीस

थायरॉईडच्या तपासणीत टीएसएच (थायरॉईडला काम करायला सांगणारं संप्रेरक) ५.९ आलाय, टी४ (थायरॉईडचं स्वतःचं संप्रेरक) नॉर्मल. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेते. लगेच थायरॉईडची गोळी सुरू करावी का?

उत्तररात्र

टी४ नीट आणि टीएसएच थोडा वर असेल तर बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघतात, त्यातले बरेच आपणहून खाली येतात. टीएसएच दिवसभरात बदलतो, रात्री आणि पहाटे जास्त असतो. त्यामुळे दोन्ही वेळा रक्त साधारण त्याच वेळेला द्या. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर मात्र थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

बायोटिनचं बरं सांगितलंत. अनेक लॅबच्या चाचणीतच बायोटिन वापरलेलं असतं, म्हणून मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांचा टीएसएच खोटाच कमी आणि टी४ खोटाच जास्त येतो. म्हणजे तुमचा खरा टीएसएच ५.९ हून जास्तही असू शकतो. पुढच्या तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवा. छातीत दुखतंय म्हणून ट्रोपोनिन (हृदयविकाराच्या झटक्याची तपासणी) केलं तर तेही बायोटिनने खोटं कमी दिसू शकतं, तेव्हा इमर्जन्सीत आठवणीने सांगा.

पाणकावळा

कंपनीच्या पॅकेजमध्ये 'कॅन्सर मार्कर' पण होते. सीईए थोडं वाढलंय. आता?

शततारका

लक्षणं नसताना हे मार्कर सरसकट करणं मला अजिबात पटत नाही, आणि हे मी लॅबमध्ये बसून लिहितेय. सीईए धूम्रपानाने वाढतं. सीए १२५ (अंडाशयाचा मार्कर) पाळीत, एन्डोमेट्रिओसिसमध्ये वाढतं. पीएसए (प्रोस्टेटचा मार्कर) लघवीच्या संसर्गाने वाढतं. समजा हजारात दोघांना असणारा एखादा आजार आहे आणि चाचणी शंभर निरोगी लोकांपैकी पाच जणांना चुकून 'आहे' म्हणते. हजार जणांची केली तर खरे दोन सापडतील आणि जवळपास पन्नास जण विनाकारण स्कॅन, सुया आणि जागरणं भोगतील. आजाराचं निदान झालेल्या रुग्णाचा उपचार लागू पडतोय का, हे बघायला सीईए उत्तम आहे, तिथे ते मोलाचं काम करतं.

तुम्ही धूम्रपान करता का? काहीही असो, झाली आहे तपासणी तर ती लपवू नका. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, काही आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा करा. एक आकडा म्हणजे एक ठिपका. दुसरा मिळाला की दिशा कळते.

पाणकावळा

करतो. सोडायचं चाललंय. आणि अपडेट: आठ दिवस व्यायाम बंद ठेवला, एसजीओटी ३१, क्रिएटिनिन १.१८.

निरभ्र

अवांतर होईल, पण बिलिरुबिन १.९, बाकी सगळं यकृताचं ठीक. दर वेळी असंच. उपास झाला की डोळे किंचित पिवळे.

उत्तररात्र

इनडायरेक्ट (यकृताने अजून प्रक्रिया न केलेलं) बिलिरुबिन वाढलेलं असेल, हिमोग्लोबिन आणि रेटिक काउंट (नव्या तांबड्या पेशींची संख्या) नीट असतील तर बहुधा गिल्बर्ट सिंड्रोम. जन्मतः असतो, निरुपद्रवी, उपाशी राहिलं की वाढतो. डॉक्टरांकडून एकदा खात्री करून घ्या आणि वहीत लिहून ठेवा, म्हणजे नव्या डॉक्टरांकडे पुन्हा सगळा शोध सुरू होणार नाही. लघवी गडद आणि शौच पांढुरकं झालं तर मात्र ती गोष्ट वेगळी.

टिंब

धागा वर काढतेय. पृथक्करणाचा रिपोर्ट आला. एचबीए२ ५.३ टक्के. थॅलसेमिया मायनर. बावीस वर्षांनी नाव मिळालं. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या, फॉलिक अॅसिड दिलंय. आईला तुमची ती ओळ वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग स्वतःचा जुना रिपोर्ट शोधून आणला. तिचा एमसीव्ही ६४.

धाकट्या भावाचं पुढच्या वर्षी लग्न आहे. त्याचा सीबीसी उद्या सकाळी.

शततारका

टिंब, आईंना माझा नमस्कार सांगा. भावाच्या रिपोर्टात हिमोग्लोबिन नॉर्मल आलं तरी तिथे थांबू नका, मायनर असलेल्या पुरुषांत ते नॉर्मलच्या काठावर असू शकतं. एमसीव्ही आणि आरबीसी काउंट बघा. एमसीव्ही कमी असेल तर त्याचं एचबीए२, आणि ते वाढलेलं निघालं तर होणाऱ्या वहिनीचंही. तुमच्या जोडीदाराचं झालं नसेल तर त्याच सकाळी त्यांनाही घेऊन जा. आकडे आले की इथे लिहा, मी रात्री उशिरापर्यंत असते.